आठ तासांचा दिवस आणि वीस ठिकाणं: हिवाळी युरोप टूरचा कागद वाचताना

आज ज्या मजकुराचं परीक्षण करणार आहे तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलाय. काहींनी तर तो वाचून काही लाख रुपये भरलेत. हिवाळी युरोप टूरची दिवसवार कार्यक्रमपत्रिका. "दिवस ३: न्याहारीनंतर पॅरिसहून प्रस्थान" असं ज्यात लिहिलेलं असतं, तो कागद. व्हॉट्सअॅपवर पीडीएफ म्हणून येतो, नवराबायको जेवणानंतर तो एकत्र वाचतात आणि बहुतेक वेळा नकाशा न उघडताच "चालेल" म्हणतात.

मी पीएचडीला जमिनीवर पोचणारा सूर्यप्रकाश मोजते. त्यामुळे असा कागद हातात आला की माझी नजर आधी तारखांवर जाते आणि मग शहरांच्या अक्षांशांवर. या दोन गोष्टी कागदावर शेजारीशेजारी असूनही त्यांची एकमेकींशी ओळख नसते. माझी तक्रार एवढीच आहे. ती नीट समजून घ्यायला थोडी आकडेमोड लागेल, पण चौथीच्या भागाकारापलीकडे काही नाही.

आधी कागदाची भाषा बघा. सगळी वाक्यं भविष्यकाळी आणि अनेकवचनी: आपण पाहू, आपण भेट देऊ, आपण अनुभवू. हवामान नाही, थकवा नाही, रांग नाही, अंधार तर नाहीच. काही शब्दांना त्या धंद्यात ठरलेले अर्थ आहेत. "फोटो स्टॉप" म्हणजे बाहेरून बघायचं, आत जायचं नाही. "पॅनोरमिक टूर" किंवा "ओरिएंटेशन टूर" म्हणजे बरंचसं बसच्या काचेतून. यात फसवणूक नाही, शब्द माहीत असले तर अर्थ उघड आहे. पण हे सगळे शब्द एक गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे बाहेर उजेड आहे.

आता उजेडाचा हिशोब. २१ डिसेंबरच्या आसपास चिंचवडला दिवस साधारण ११ तासांचा असतो. पॅरिसला तो सव्वाआठ तासांचा, प्रागला आठ तासांचा, अॅमस्टरडॅमला पावणेआठ तासांच्याही आत. सूर्य वर किती चढतो हेही बघायला हवं. आपल्याकडे त्या दिवशी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंश वर असतो, अॅमस्टरडॅमला फक्त १४ अंश. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाची सावली आपल्याकडे दीड मीटर पडेल, तिथे साडेसहा मीटर. म्हणजे चार मजली घरांच्या अरुंद गल्लीत भर दुपारीही ऊन खाली उतरत नाही. आकाश निरभ्र असलं तरी सपाट जमिनीवर त्या वेळी पडणारा थेट प्रकाश आपल्या एक तृतीयांशाहूनही कमी. आणि डिसेंबरात तिकडे आकाश निरभ्र असणं ही चैन आहे.

घड्याळाचीही एक गंमत आहे. पॅरिस आणि प्राग यांच्यात रेखांशाचं अंतर सुमारे १२ अंश आहे, म्हणजे सूर्याच्या हिशोबाने ४८ मिनिटं. पण दोन्हीकडे घड्याळ एकच. १९४० साली जर्मन सैन्याने पॅरिस घेतलं तेव्हा तिथली घड्याळं बर्लिनच्या वेळेला लावली, आणि युद्ध संपल्यावरही फ्रान्सने ती वेळ तशीच ठेवली. परिणाम: डिसेंबरच्या अखेरीस पॅरिसमध्ये सूर्य पावणेनऊच्या सुमाराला उगवतो. कागदावर "सकाळी ८ वाजता पॅरिस दर्शन" लिहिलं असेल तर ते दिव्यांच्या उजेडातलं दर्शन.

आता एक नमुना घेऊ. हा कुठल्याही कंपनीचा नाही, आकडेमोडीसाठी मी बनवलाय, पण तुम्हाला ओळखीचा वाटेल. ८ रात्री, ९ दिवस: पॅरिस २ रात्री, ब्रसेल्सवरून अॅमस्टरडॅम २, कोलोन १, प्राग २, व्हिएन्ना १. पहिला दिवस उतरण्यात आणि शेवटचा विमानतळावर जाणार. उरले ७. प्रत्येकी ८ तास उजेड धरला तर ५६ तास.

यातून बस वजा करा. रस्त्याने हा प्रवास साधारण १,८०० किलोमीटर होतो. ताशी ८० ची सरासरी धरली तर २३ तास. कोलोन ते प्राग हा एकच टप्पा ७०० किलोमीटरच्या आसपास आहे. युरोपियन युनियनच्या नियमानुसार बसचालकाने दिवसात साधारणपणे ९ तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही, आणि साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यायलाच हवी. म्हणजे त्या दिवसाचा अख्खा उजेड बसमध्येच गेला. थोडा प्रवास अंधारात ढकलता येतो हे खरं, पण मग संध्याकाळची रोषणाई हुकते.

५६ वजा २३, उरले ३३ तास. आता हाच कार्यक्रम जूनमध्ये लावा. तेव्हा दिवस १६ तासांचा, म्हणून एकूण ११२ तास. बस तेवढीच, २३ तास. उरले ८९.

इथे थांबून बघा. हिवाळ्यात दिवस निम्मा झाला, पण पाहायला उरलेला वेळ निम्मा नाही झाला. तो जवळपास एक तृतीयांशावर आला. कारण बसचा वेळ ऋतूप्रमाणे आकसत नाही. कारखान्यातला स्थिर खर्च असतो तसाच हा: उत्पादन निम्म्यावर आलं तरी शेडचं भाडं तेवढंच. माझ्या मते हिवाळी कार्यक्रमपत्रिकेतला सगळ्यात मोठा दोष हाच आहे. ती उन्हाळ्यात लिहिलेली असते आणि तिच्यावर फक्त तारीख बदललेली असते.

चाकणच्या लाइनवर काम करणाऱ्यांना टॅक्ट टाईम समजावून सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगते. उपलब्ध वेळ भागिले मागणी. शिफ्टमध्ये ४५० मिनिटं असतील आणि १५० गाड्या काढायच्या असतील तर दर ३ मिनिटांनी एक गाडी लाइनवरून उतरली पाहिजे. प्रत्येक स्टेशनवरच्या माणसाचं काम त्या ३ मिनिटांत बसवायचं. आता टूरवर लावा. यादीत २० ठिकाणं धरली तर ३३ तास भागिले २० म्हणजे ९९ मिनिटं. त्यात बसमधून उतरणं, सगळ्यांची मोजणी, स्वच्छतागृह, रांग, जेवण, फोटो आणि परत बसमध्ये चढणं आलं. जूनमध्ये हाच आकडा साडेचार तासांच्या जवळ जातो. वर्षभर जो माणूस टॅक्टवर काम करतो, तो सुट्टीत पैसे भरून पुन्हा टॅक्टवर उभा राहतो, आणि लाइन थांबली की इथेही हाक येते: "मंडळी, चला, उशीर होतोय."

मग लोक हिवाळ्यातच का जातात? मूर्ख म्हणून नाही. बऱ्याच मोटार कंपन्या वर्षअखेरीस देखभालीसाठी प्लान्ट बंद ठेवतात, तेव्हा रजा सहज मिळते. आणि आपल्या पट्ट्यात याहून मोठं कारण आहे. भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीत अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि हिंजवडीच्या आयटीत शनिवार-रविवार. त्याचा गुरुवार, तिचा शनिवार-रविवार. वर त्याची शिफ्ट, तिचे रात्रीचे कॉल आणि चाकणच्या तळेगाव चौकातलं ट्रॅफिक. एकाच घरात राहून दोघांना पूर्ण दिवस एकत्र मिळतो तो सणाला किंवा शटडाऊनला. म्हणजे हे ९ दिवस नुसते युरोपचे नाहीत, त्या दोघांचे वर्षातले सलग ९ दिवस आहेत. म्हणून मला हा कागद किरकोळ वाटत नाही.

दुर्दैवाने शटडाऊनची तारीख आणि युरोपचं कॅलेंडर जुळत नाही. जाहिरातीत दिसणारे जर्मनीतले नाताळ बाजार बहुतेक ठिकाणी २३ किंवा २४ डिसेंबरलाच आवरतात. २५ ला निघालेल्या जोडप्याला कोलोनच्या कॅथीड्रलसमोर बाजार दिसणार नाही. प्रागच्या जुन्या शहरातला बाजार मात्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असतो. पॅरिसचं लूव्र २५ डिसेंबरला, १ जानेवारीला आणि दर मंगळवारी बंद. बर्फाचं म्हणाल तर पॅरिस, अॅमस्टरडॅम, कोलोन इथे नाताळला बर्फ हा अपवाद, भुरभुर पाऊस हा नियम.

आता थोडं संशोधन. येरून नावाइन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या १,५३० प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले ९७४ जण त्या काळात सुट्टीवर जाऊन आले होते. निष्कर्ष असा: जाण्याआधी हे लोक न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी होते, पण परत आल्यावर दोन गटांत फरक उरला नाही. अपवाद एकच, ज्यांनी आपली सुट्टी "अतिशय निवांत" होती असं सांगितलं त्यांचा. त्यांचा आनंद परतल्यावरही थोडे दिवस टिकला.

हा अभ्यास जसाच्या तसा आपल्याला लावू नका. डच माणूस वर्षात दोन-तीनदा सहज सुट्टीवर जातो. आपल्याकडे युरोप बहुधा आयुष्यात एकदाच, आणि त्याची आठवण पुढे वीस वर्षं सांगितली जाते. शिवाय अशा पाहणीतून निवांतपणामुळेच आनंद टिकला हे सिद्ध होत नाही; मुळात निवांत स्वभावाची माणसंच निवांत सुट्टी घेत असतील. तरी एक गोष्ट डोक्यात ठेवण्यासारखी आहे: त्यात फरक दिसला तो निवांतपणात, आणि आपल्या कागदावर त्याचा रकाना नसतो.

तुलनेला मराठीतलं एक पुस्तक घेते, कारण नवराबायकोच्या युरोपचा विषय निघाला की ते आठवतंच. पु. ल. देशपांडे यांचं १९६० सालचं ‘अपूर्वाई’. पु. ल. बीबीसीत टेलिव्हिजनच्या प्रशिक्षणासाठी लंडनला गेले, सुनीताबाई बरोबर होत्या, आणि मुक्काम महिन्यांचा होता. आपण त्या पुस्तकातून विनोद उचलले, त्याचा वेग मात्र नाही उचलला. त्यात प्रेक्षणीय स्थळं आहेत, पण लक्षात राहतात ती माणसं, कारण माणसाशी बोलायला ९९ मिनिटांचं स्टेशन पुरत नाही. एक उणीव मात्र ‘अपूर्वाई’तही आहे: प्रवास दोघांचा आणि आवाज एकाचा. सुनीताबाई दिसतात त्या पु.लं.च्या नजरेतून. त्यांनी स्वतःच्या शब्दांत या सहजीवनाबद्दल लिहिलेलं ‘आहे मनोहर तरी’ आलं ते थेट १९९० मध्ये. टूरच्या कागदावरचा तो "आपण" वाचताना मला हेच आठवतं. त्या "आपण"मध्ये तिला काय बघायचंय आणि त्याला काय, हे कोणी विचारलेलं नसतं.

ग्रुप टूरला नावं ठेवायचा हा लेख नाही. व्हिसाची कागदपत्रं, शाकाहारी जेवण, पहिल्यांदा देशाबाहेर जाण्याची धाकधूक, हे सगळं त्या कंपन्या खरोखर सांभाळतात. "पाच देश केले" म्हणणाऱ्याला हसणंही मला पटत नाही. पुन्हा जायला मिळेल याची खात्री नसली की माणूस मोजणारच. पण मोजायचंच तर एकक बरोबर घ्या. देश मोजू नका, उजेडाचे तास मोजा.

त्याच ७ दिवसांत फक्त प्राग आणि व्हिएन्ना केलं तर मधला रस्ता सुमारे ३३० किलोमीटर, म्हणजे ४ तास. ५६ वजा ४, उरले ५२ तास. ३३ वरून ५२, आणि तेही कमी भाड्यात. किंवा दक्षिणेला सरका: रोमला डिसेंबरात दिवस ९ तासांच्या वर, लिस्बन आणि अथेन्सला साडेनऊच्या जवळ. अंधार आवडत असेल तर तोही ठरवून घ्या: दुपारी हॉटेलवर झोपा आणि चारनंतर, दिवे लागल्यावर बाहेर पडा. हिवाळी युरोप त्या वेळी खरंच सुंदर असतो.

पुढच्या वेळी असा कागद आला की पेन घ्या आणि प्रत्येक दिवसासमोर तीन आकडे लिहा: सूर्य कधी उगवणार, कधी मावळणार, आणि बस किती तास. मग दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांचं न बघता, हवीच अशी तीन-तीन ठिकाणं लिहा. दोन्ही याद्या टूरवाल्यांसमोर ठेवा आणि विचारा, यातलं काय उजेडात दिसेल. उत्तर देता आलं नाही तर तो कार्यक्रम जूनचा आहे. दुसरा मागा.