फोटोखालचे नाव

डग्लस किलबर्न या छायाचित्रकाराने १८४७च्या सुमारास मेलबर्नमध्ये कुलिन लोकांचे काही डॅगेरोटाइप काढले. ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे आज हाती असलेले हे सर्वांत जुने फोटो. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटलेले हे चित्र एकुलते एक असते, त्याची दुसरी प्रत निघत नाही. पॉसमच्या कातड्याची पांघरुणे घेतलेली माणसे थेट समोर बघतात. त्या काळी पत्र्यावर प्रतिमा उमटायला वेळ लागे, त्यामुळे त्यांना बराच वेळ न हलता बसावे लागले असणार. चेहऱ्यावरची रेष न् रेष दिसते. नाव मात्र एकाचेही नोंदलेले नाही.

त्यानंतरच्या पावणेदोनशे वर्षांत ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे असंख्य फोटो निघाले. सर्वेक्षकांनी काढले, पोलिसांनी, मिशनऱ्यांनी, मानववंशशास्त्रज्ञांनी, वर्तमानपत्रांनी काढले आणि अखेरीस त्यांनी स्वतःही काढले. हा साठा बघताना मला एक कसोटी पुन्हा पुन्हा वापरावी लागते. फोटोतल्या माणसाला नाव आहे का, आणि ते नाव कोणी सांगितले? प्रकाश, रचना, भावमुद्रा यांची चर्चा त्यानंतर.

या कसोटीवर सर्वांत अवघड ठरतो जे. डब्ल्यू. लिंट. जन्माने जर्मन असलेल्या या छायाचित्रकाराचा न्यू साउथ वेल्समधल्या ग्राफ्टन गावी स्टुडिओ होता. क्लॅरेन्स नदीच्या खोऱ्यातल्या गुंबाइंगिर आणि बंजालुंग लोकांना त्याने १८७३-७४मध्ये तिथे बसवले. मागे रंगवलेला रानाचा पडदा, पुढे खरी झाडेझुडपे, हातात भाले आणि बूमरँग. तांत्रिकदृष्ट्या हे फोटो अव्वल आहेत, त्यांचा अल्बम भरपूर खपला आणि परदेशी संग्रहालयांतही जाऊन बसला. ज्यांचे खरे रान दाराबाहेरच वसाहतवाल्यांच्या हाती जात होते, त्यांना रंगवलेल्या रानात बसवून ‘नाहीशी होत चाललेली जमात’ म्हणून विकणे हा त्या धंद्याचा गाभा होता. लिंटच्या कौशल्याची तारीफ करताना समीक्षक हे बाजूला ठेवतात, ते मला मान्य नाही. तो पडदा फोटोच्या अर्थाचाच भाग आहे. अलीकडे त्या परिसरातल्या कुटुंबांच्या मदतीने काही ओळखी पटू लागल्या आहेत. उल्मारा इथल्या मेरी अ‍ॅनला तिचे नाव परत मिळाले, आणि नाव कळताच तो फोटो ‘नमुना’ राहत नाही, एका बाईचे व्यक्तिचित्र होतो.

मराठी वाचकाला ही पद्धत परकी वाटू नये. विल्यम जॉन्सनने १८६०च्या दशकात मुंबईतल्या जातीजमातींचे फोटो दोन खंडांत छापले, तेव्हा त्यानेही माणसे एका जागी टिपली आणि छपाईत त्यांच्यामागे दुसरीच दृश्ये जोडली. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले. त्याच सुमारास, १८६९मध्ये, जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सली यांनी ब्रिटिश साम्राज्यभरच्या वसाहतींसाठी सूचना तयार केल्या. माणसाला विवस्त्र, मोजपट्टीशेजारी, समोरून आणि बाजूने उभे करावे, असे त्यांत म्हटले होते. साम्राज्य एकच होते, म्हणून कॅमेऱ्याचा धडाही सगळीकडे एकच गिरवला गेला.

तरी सगळ्याच जुन्या फोटोंना एका पोत्यात घालणे चूक आहे. मेलबर्नजवळच्या कोरँडर्क वसाहतीची गोष्ट वेगळी आहे. सायमन वोंगा आणि विल्यम बराक यांच्या नेतृत्वाखाली कुलिन लोकांनी १८६३मध्ये ती वसवली, शेती केली, हॉप्स पिकवले, आणि जमीन जाऊ लागली तेव्हा सरकारदरबारी अर्ज केले, शिष्टमंडळे नेली. चार्ल्स वॉल्टर याने तिथे काढलेली शंभराहून अधिक छोटी व्यक्तिचित्रे १८६६च्या मेलबर्नमधल्या आंतरवसाहती प्रदर्शनात एका फलकावर मांडली गेली. त्यांच्याखाली नावे होती. वंशांचा तक्ता मांडण्याचाच तो उद्योग होता हे खरे, पण आज वंशजांना त्या फलकावर आपले पूर्वज नावानिशी सापडतात. पुढे १८७०च्या दशकात आदिवासी संरक्षण मंडळाने फ्रेड क्रूगर याला तिथे पाठवले, ते वसाहत किती नीटनेटकी चालली आहे हे दाखवण्यासाठी. इतिहासकार जेन लायडन यांनी २००५च्या ‘आय काँटॅक्ट’ या पुस्तकात या फोटोंचा बारकाईने अभ्यास केला. कॅमेऱ्यापुढे कसे उभे राहायचे यात त्या लोकांचाही हात होता, हे त्यांनी दाखवले. या विषयावरचे माझ्या मते हे सर्वांत महत्त्वाचे पुस्तक. ‘कॅमेरा शिकारी आणि समोरचा माणूस सावज’ हा सोपा सिद्धान्त त्यानंतर तसाच पुढे रेटणे कठीण झाले.

पण दुसऱ्या टोकालाही जाता येत नाही. टास्मानियातल्या ट्रुकानिनी या आदिवासी बाईंचे चार्ल्स वूली याने १८६६मध्ये होबार्टला काढलेले व्यक्तिचित्र जगभर फिरले, ते ‘शेवटची टास्मानियन’ या खोट्या बिरुदासह. इथे नाव आहे, पण ते त्यांच्याच लोकांविरुद्ध वापरले गेले. त्यांच्यानंतरही टास्मानियात आदिवासी कुटुंबे जगत होती, आजही आहेत. १८७६मध्ये त्या वारल्या. मरणानंतर आपल्या देहाची चिरफाड होऊ नये ही त्यांची इच्छा पायदळी तुडवून त्यांचा सांगाडा संग्रहालयात १९४७पर्यंत मांडून ठेवला गेला. १९७६मध्ये त्यांच्या अस्थींचे दहन होऊन राख डांत्रकास्तो खाडीत सोडली गेली. फोटो मात्र अजूनही त्या जुन्या बिरुदासह छापला जातो.

विसाव्या शतकात कॅमेरा शासनाच्या हाती गेला. पश्चिम ऑस्ट्रेलियात गळ्यात साखळ्या अडकवलेल्या आदिवासी कैद्यांचे रांगेने उभे केलेले फोटो आहेत. राष्ट्रीय अभिलेखागारात १९३४ सालचे एक वर्तमानपत्री कात्रण आहे. डार्विनमधल्या मिश्रवंशीय मुलांसाठी घरे हवीत असे आवाहन, वर मुलींचा एकत्र फोटो, आणि त्यात एका मुलीवर कुणीतरी शाईने फुली मारून ती आपल्याला पसंत असल्याचे लिहिले आहे. चोरलेल्या पिढ्यांविषयी, म्हणजे घरच्यांपासून तोडून नेलेल्या आदिवासी मुलांविषयी, मी जे काही वाचले, त्यात इतके थोडक्यात इतके सांगणारा कागद दुसरा नाही. १९४७मध्ये ए. ओ. नेव्हिल या माजी अधिकाऱ्याने आपल्या पुस्तकात तीन पिढ्यांचा एक फोटो छापला, रंग उजळत कसा जातो हे दाखवायला. एका घरातली माणसे धोरणाचा पुरावा म्हणून उभी केली गेली.

मानववंशशास्त्रज्ञ नॉर्मन टिंडेल यांचा संग्रह याच काळातला. १९३८-३९च्या हार्वर्ड-अ‍ॅडलेड मोहिमेत त्यांनी आणि जोसेफ बर्डसेल यांनी मिशनांवर आणि वस्त्यांवर लोकांना क्रमांक देऊन समोरून व बाजूने टिपले. त्याबरोबर वंशावळीही लिहून घेतल्या, आणि त्यामुळे त्या संग्रहाचे नशीब फिरले. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या संग्रहालयातले ते कागद आणि फोटो आज असंख्य कुटुंबांना हरवलेले नातेवाईक शोधायला उपयोगी पडतात. क्वीन्सलंडचे चित्रकार व्हर्नन आ की यांना पाम बेटावर टिपलेले त्यांचे पणजोबा असेच मिळाले. त्यांनी आपल्या घरच्या माणसांची कोळशाने मोठमोठी व्यक्तिचित्रे काढली. त्या चित्रांतले डोळे बघणाऱ्यावर रोखलेले आहेत. टिंडेलच्या क्रमांकाला इतके सरळ उत्तर दुसऱ्या कुणी दिलेले मला ठाऊक नाही.

मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड थॉमसन यांचे काम याहून वेगळे. १९३५ ते १९३७ या काळात ते आर्नहेम लँडमध्ये योल्ंगू लोकांबरोबर राहिले, चालले, आणि काचेच्या जड निगेटिव्ह पाठीवर घेऊन हजारो फोटो घेऊन आले. टिपलेल्या माणसांची नावेही त्यांनी लिहिली. अराफुरा दलदलीत झाडाच्या सालीच्या होड्यांतून रानहंसांच्या शिकारीला निघालेल्या दहा जणांचा फोटो त्यांतलाच. अभिनेते डेव्हिड गुल्पिलिल यांनी तो दिग्दर्शक रॉल्फ डी हीर यांना दाखवला आणि त्यातून २००६चा ‘टेन कनूज’ हा चित्रपट उभा राहिला. डी हीर यांच्याबरोबर पीटर जिगिर यांनी त्याचे दिग्दर्शन केले. फोटोतल्या माणसांशी कुणाचे काय नाते आहे यावरून तिथल्याच रामिंगिनिंग गावच्या लोकांनी भूमिका ठरवल्या. सालीच्या होड्या बनवण्याची मागे पडलेली विद्या त्या फोटोंच्या आधाराने पुन्हा हाताखालून गेली. जुन्या फोटोचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. नावे लिहून ठेवली होती, म्हणून नाती लावता आली, आणि नाती लावता आली म्हणून चित्रपट झाला.

आदिवासी छायाचित्रकारांच्या कामाची सुरुवात बहुतेक जण मर्विन बिशप यांच्यापासून करतात, आणि ते योग्य आहे. ब्रुवॉरिना गावचे बिशप साठच्या दशकात ‘सिडनी मॉर्निंग हेराल्ड’मध्ये उमेदवार छायाचित्रकार म्हणून लागले आणि १९७१मध्ये वर्षाचे सर्वोत्तम वृत्तछायाचित्रकार ठरले. १६ ऑगस्ट १९७५ रोजी पंतप्रधान गॉफ व्हिटलॅम यांनी गुरिंजी लोकांचे नेते व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या हातात जमीन परत केल्याची खूण म्हणून माती ओतली, तो फोटो त्यांचाच. कार्यक्रम मांडवाच्या सावलीत झाला होता. बिशपनी दोघांना विनंती करून उन्हात आणले आणि तोच प्रसंग पुन्हा करवून घेतला. कुणाला ही बनवाबनवी वाटते. मला ती अचूक पारख वाटते. वेव्ह हिलच्या गुरिंजी गुराख्यांनी १९६६मध्ये काम सोडून सुरू केलेल्या लढ्याला निळ्या आकाशाची पार्श्वभूमी हवीच होती, आणि ते एका आदिवासी छायाचित्रकाराला त्या क्षणी उमगले.

१९८६मध्ये सिडनीत दहा आदिवासी आणि टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरच्या छायाचित्रकारांचे पहिले एकत्रित प्रदर्शन झाले. बिशप, ट्रेसी मॉफट, मायकेल रायली, ब्रेंडा क्रॉफ्ट त्यात होते. पुढच्या वर्षी बूमाली ही आदिवासी कलाकारांची सहकारी संस्था निघाली. यातल्या रायली यांच्याकडे मी जास्त ओढला जातो. २०००ची त्यांची ‘क्लाउड’ ही मालिका जगभर गाजली. आकाशात तरंगणारे पीस, गाय, बायबल. पण त्यांचे खरे मोठे काम १९९०-९१च्या सुमाराचे, आईच्या मोरी गावातल्या माणसांचे. त्यांनी उघड्यावर एक साधा पडदा लावला आणि त्यापुढे लोक उभे राहिले, आपापल्या रोजच्या कपड्यांत, पोराबाळांसह. लिंटच्या पडद्यावर रान रंगवलेले होते, रायलींच्या पडद्यावर काहीही नाही, म्हणून माणूस पूर्ण दिसतो. रायली २००४मध्ये वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले. ते राहिले असते तर हा संपूर्ण प्रवाह आज वेगळा दिसला असता असे मला वाटते.

रिकी मेनर्ड हे त्यांच्या तोडीचे दुसरे नाव. टास्मानियाच्या या छायाचित्रकाराने ऐंशीच्या दशकात बास सामुद्रधुनीच्या बेटांवर मटनबर्ड पक्ष्यांच्या हंगामात काम करणारी कुटुंबे टिपली. ‘शेवटची टास्मानियन’ या खोटेपणाला इतके शांत आणि ठाम उत्तर नाही. माणसे पक्षी पकडतात, पिसे उपटतात, खोपटात बसून चहा पितात. १९९३मध्ये त्यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या तुरुंगातले आदिवासी कैदी टिपले. आदिवासींच्या कोठडीतील मृत्यूंची चौकशी करणाऱ्या आयोगाचे काम संपून तेव्हा दोनच वर्षे झाली होती.

मग आजची स्थिती काय? कलादालनांत गेली तीस वर्षे एका प्रकारच्या कामाला सर्वाधिक मान आहे, तो म्हणजे जुना संग्रहातला फोटो घेऊन त्यावर नवी कलाकृती करणे. ब्रुक अँड्र्यू यांनी १९९६च्या ‘सेक्सी अँड डेंजरस’मध्ये एका अनाम माणसाचा जुना फोटो भव्य केला, त्याच्या अंगावर अक्षरे छापली. तेव्हा त्याचा धक्का खरा होता. पण तो माणूस अनाम होता, अनामच राहिला, आणि हे मला सलते. त्यापेक्षा फियोना फोली यांनी १९९४मध्ये केले ते अधिक पटते. जुन्या फोटोतल्या बजाला समाजातल्या बाईच्या जागी त्या स्वतः उभ्या राहिल्या. ख्रिश्चन थॉम्पसन ऑक्सफर्डला शिकत असताना तिथल्या पिट रिव्हर्स संग्रहालयातल्या फोटोंवर काम करत होते. २०१२च्या मालिकेत त्यांनी ते जुने फोटो दाखवलेच नाहीत, त्यांच्या आठवणीत स्वतःचे फोटो काढले. न दाखवण्याचा हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. कलाकाराला संग्रह उघडून मिळाला म्हणजे त्यातले सगळे दाखवायलाच हवे असे नाही.

दाखवू नये अशाही गोष्टी या संग्रहांत आहेत. स्पेन्सर आणि गिलन या अभ्यासकांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मध्य ऑस्ट्रेलियातल्या आरांडा लोकांचे गुप्त विधी टिपले. १९७८मध्ये मानववंशशास्त्रज्ञ स्ट्रेलो यांनी टिपलेले असेच फोटो जर्मनीच्या ‘श्टेर्न’ साप्ताहिकात छापून आले आणि मध्य ऑस्ट्रेलियात त्याचा मोठा मनस्ताप झाला. दीक्षा न घेतलेल्यांनी, बायकांनी, मुलांनी पाहू नये असे ते प्रसंग होते. मृत व्यक्तीचा चेहरा काही काळ पाहायचा नाही, ही रीतही अनेक समाजांत आहे. १९९४ला सुरू झालेल्या आरा इरिटिट्जा या अनंगू लोकांच्या प्रकल्पाने यावर उत्तर काढले. फोटो परत गावात आणायचे, संगणकावर ठेवायचे, आणि कोणता कुणी पाहायचा, कुणाचा दुःखाच्या काळात झाकायचा, हे कुटुंबांनीच ठरवायचे. नावे, नाती, गोष्टी तिथेच बसून नोंदवायच्या. पुढे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या राज्य ग्रंथालयानेही हाच मार्ग धरला. माझ्या दृष्टीने या कलेतली गेल्या तीस वर्षांतली सर्वांत मोठी घटना ही आहे, कुठल्याही द्वैवार्षिक प्रदर्शनापेक्षा मोठी. समीक्षा मात्र तिच्याकडे ‘ग्रंथालयाचे काम’ म्हणून दुर्लक्ष करते.

दुसरे दुर्लक्ष मला अधिक टोचते. ऑस्ट्रेलियन छायाचित्रणाचे इतिहास या विषयाला हात घालतात तेव्हा किलबर्न, लिंट, टिंडेल अशी रांग लावतात आणि उडी मारून थेट बिशप आणि १९८६च्या प्रदर्शनावर येतात. मधली दशके रिकामी. क्वीन्सलंडचे संशोधक मायकेल एर्ड यांनी १९९३च्या ‘पोर्ट्रेट्स ऑफ अवर एल्डर्स’मध्ये दाखवले की एकोणिसावे शतक सरत असतानाच आदिवासी माणसे चांगले कपडे घालून, पदरचे पैसे देऊन शहरातल्या स्टुडिओत जात होती आणि तो फोटो घरी जपून ठेवत होती. पुढे घरात स्वस्त पेटी कॅमेरे आले, लग्ने, सुट्ट्या, फुटबॉलचे संघ टिपले गेले. टिंडेल ज्या वर्षी क्रमांकाची पाटी धरायला सांगत होते, त्याच वर्षी शेजारच्या घरात कुणीतरी अंगणात भावंडांना उभे करून शटर दाबत होते. बार्बरा मॅकग्रेडी आज मोर्चे, सामने आणि घरगुती मेळावे टिपतात, त्यांची परंपरा इथून येते, कलादालनातून नाही. २०२०च्या सिडनी द्वैवार्षिकात ब्रुक अँड्र्यू यांनीच त्यांना जागा दिली, हे चांगले झाले. आता घराघरांतल्या कपाटांत पडून असलेले ते अल्बम, कुटुंबांची संमती आणि हक्क राखून, त्यांच्याच अटींवर इतिहासात यायला हवेत. त्यांतल्या चेहऱ्यांची नावे सांगू शकणारी पिढी म्हातारी झाली आहे.