मधली मोकळी जागा

दादरच्या शिवाजी पार्कचं सौंदर्य उलगडायचं तर सुरुवात कट्ट्यापासून करायला हवी. सुमारे २८ एकरांच्या या मैदानाला वळसा घालत गेलेला हा बुटका कट्टा, त्याच्या कडेची सव्वा किलोमीटरला जरा कमी भरणारी पायवाट आणि वरून झुकलेली झाडं, एवढीच या जागेची चौकट. कट्टा टेकायला सोयीचा, ओलांडायला सोपा. मैदानाकडे तोंड करून बसलं की आपण प्रेक्षक होतो, पाय फिरवून रस्त्याकडे तोंड केलं की शेजारी. बसायला तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही. बघणारा आणि खेळणारा यांच्यातलं अंतर इतकं कमी ठेवणं ही माझ्या मते या पार्कच्या रचनेतली सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

१८९६ च्या प्लेगनंतर दाटीवाटीच्या मुंबईला हवेशीर वस्त्यांची निकड कळली आणि शहर उत्तरेकडे आखीवपणे वाढू लागलं. त्या काळाला इथली मोकळीक शोभून दिसते. १९२५ साली महापालिकेनं मैदान लोकांना खुलं केलं, तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहानं त्याला शिवरायांचं नाव मिळालं.

आता मैदानात काय कुठे आहे ते पाहा. जिमखाना, समर्थ व्यायाम मंदिर, स्काउटची वास्तू, गणपतीचं देऊळ, वाचनालय, दुर्गापूजा करणारा बेंगॉल क्लब, ज्येष्ठांसाठीचं नाना-नानी पार्क. जे बांधलं ते सगळं कडेकडेला. मध्यभाग तसाच सोडलेला. ज्या शहरात घरातल्या भिंतीचाही हिशेब करावा लागतो, तिथे एवढी जागा कुणाच्याही नावावर न करता ठेवणं हे मोठं औदार्य आहे. त्या मोकळ्या जागेत काय करायचं, ते येणाऱ्यानं ठरवावं.

येणाऱ्यांनी तिथे क्रिकेट आणलं. एका वेळी किती सामने चालू आहेत हे कट्ट्यावरून पटकन सांगता येत नाही. एका सामन्याचा पॉइंट दुसऱ्याच्या मिडविकेटला पाठ लावून उभा असतो, शेजारचा चेंडू आला की आपला खेळ थांबवून तो परत फेकला जातो आणि कुणी त्रागा करत नाही. या गर्दीत एकाच चेंडूवर नजर ठेवायची सवय लागते. ती जाळीत सराव करून येत नसावी. रमाकांत आचरेकर सरांची शाळा हीच. स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचं; जो गोलंदाज सचिनला बाद करील त्याचं ते, सचिन शेवटपर्यंत टिकला तर त्याचं. सरांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला आणि २०२४ च्या डिसेंबरात पाच नंबरच्या फाटकाजवळ त्यांचं स्मारक उभं राहिलं. अजित वाडेकरांपासून प्रवीण आमरेंपर्यंतची नावं या मातीशी जोडलेली आहेत. पावसाळ्यात, इतर ठिकाणचं क्रिकेट गुंडाळलेलं असताना, कांगा लीगचे सामने चालतात. ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधी बसतो, कधी उसळतो. तिथे तीस धावा काढणाऱ्या मुलाकडे जाणती माणसं आदरानं बघतात.

पण मला स्वतःला क्रिकेटपेक्षाही समर्थ व्यायाम मंदिराशी थांबायला आवडतं. संस्थेचा जन्मही १९२५ चाच, म्हणजे मैदान आणि ती जुळी भावंडं. संध्याकाळी एरंडेल लावलेल्या लाकडावर मुलं झरझर चढतात, वरच्या टोकावर तोल सांभाळतात. शेजारी दोरीवर मुली अंगाची घडी घालून एका पकडीत स्थिर होतात. उदय देशपांडे सरांनी इथे दृष्टिहीन मुलांनाही मल्लखांब शिकवला. डोळ्यांनी न पाहिलेली पकड स्पर्शानं, शब्दांनी, पुन्हा पुन्हा करून अंगात उतरवायची, ही कल्पनाच मन भरून टाकणारी आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा याच मैदानावर झाली. २०२४ साली सरांना पद्मश्री मिळाली.

शिवरायांचा अश्वारूढ पुतळाही निरखून पाहावा. हातात तलवार उपसलेली नाही. हात पुढे झालेला आहे, दिशा दाखवणारा. ज्या मैदानानं संयुक्त महाराष्ट्राच्या सभा ऐकल्या, आचार्य अत्र्यांचा आवाज ऐकला, पुढे दसरा मेळावे पाहिले, तिथे हा तलवारीविना पुढे झालेला हात मला फार योग्य वाटतो.

आणि डिसेंबर. चैत्यभूमी इथून चालत जाण्याच्या अंतरावर. ६ डिसेंबरच्या, बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाण दिनाच्या, आधीपासूनच गावोगावची माणसं पथारी घेऊन येतात, महापालिका मांडव घालते, पाण्याची सोय करते. खेळपट्ट्यांच्या जागी पुस्तकांचे स्टॉल लागतात. दिवसाची मजुरी बुडवून आलेली बाई लेकरासाठी बाबासाहेबांचं चरित्र निवडते. मध्यभागी कारंजी, कृत्रिम टेकड्या आणि रंगीत दिवे असते, तर एवढ्या लोकांनी पाठ कुठे टेकली असती? या मैदानाची सर्वांत मोठी सुविधा ही मोकळी जमीनच आहे.

धुळीचा त्रास मात्र खरा आहे. उन्हाळ्यात तांबडी माती उडते, भोवतालच्या इमारतींच्या खिडक्या बंद ठेवाव्या लागतात, दम्याच्या रुग्णांचे हाल होतात. रहिवाशांची तक्रार रास्त आहे आणि ती ऐकली गेलीच पाहिजे. पावसाचं पाणी साठवून ते मैदानावर शिंपडणं, जमेल तिथे गवत धरणं, हे उपाय चिकाटीनं, वर्षानुवर्षं करावे लागतील. एका उन्हाळ्याच्या उत्साहानं भागणार नाही. फक्त धूळ अडवण्याच्या निमित्तानं कट्ट्यावर उंच जाळी चढवू नये आणि सुशोभीकरण म्हणून मधल्या जमिनीवर काही बांधू नये. शाळा सुटल्यावर बॅट घेऊन येणाऱ्या पोरानं कट्ट्यावरून सरळ आत उडी मारावी, हा त्याचा हक्क राहू द्या.