प्रयोगवहीतील ‘अनुमान’ : शालेय रसायनशास्त्रातील विश्लेषणपद्धतींची एक चिकित्सा

शालेय व उच्च माध्यमिक स्तरावर रासायनिक विश्लेषणाच्या प्रामुख्याने दोन पद्धती शिकविल्या जातात : क्षारांचे गुणात्मक विश्लेषण आणि अनुमापन. पदार्थात काय आहे, हे पहिलीने कळते. किती आहे, हे दुसरीने. उपकरणांच्या युगात या पद्धती कालबाह्य झाल्या आहेत, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. प्रस्तुत लेखकास तो गौण वाटतो. ज्या विचारपद्धतीसाठी हे प्रयोग अभ्यासक्रमात आले, ती प्रयोगवहीत कितपत उरली आहे, हा खरा प्रश्न आहे.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल रेमिगियस फ्रेझेनियस यांचा गुणात्मक विश्लेषणावरील ग्रंथ १८४१ साली प्रसिद्ध झाला. अभिक्रियाकारके त्यापूर्वीही ज्ञात होती; फ्रेझेनियस यांनी मोजकीच निवडून त्यांना क्रम दिला. मिश्रणातील धातूंचे गट एकामागून एक वेगळे करीत जाणे, हे या पद्धतीचे मर्म. येथे ‘साका मिळाला नाही’ हे निरीक्षणही ‘साका मिळाला’ याइतकेच मोलाचे असते. केंद्रीय मंडळाच्या अभ्यासक्रमात मात्र एक धन आयन व एक ऋण आयन असलेला क्षार ओळखणे एवढीच अपेक्षा आहे. अविद्राव्य क्षार तर वगळलेलेच आहेत. वेगळे काढण्यासारखे काही नसताना गटांची ही शिडी चढणे म्हणजे कर्मकांडच. निळे स्फटिक पाहताच विद्यार्थी तांबे ठरवितो आणि ‘परीक्षण, निरीक्षण, अनुमान’ हे रकाने मागाहून भरतो. (द्राक्षबागेत मोरचूद हाताळलेल्या मुलास तर परीक्षानळीचीही गरज पडत नाही.)

तिसऱ्या गटाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. येथे आधी अमोनियम क्लोराइड, म्हणजे कल्हईवाल्याचा नवसागर, आणि मग अमोनियम हायड्रॉक्साइड घालावयाचे असते. नवसागरातील अमोनियम आयनांमुळे हायड्रॉक्साइडचे विचरण दबते, हायड्रॉक्सिल आयनांची संहती अल्प राहते आणि केवळ लोह, ॲल्युमिनियम व क्रोमियम साक्यात उतरतात. समजा, क्षार मॅग्नेशियमचा आहे आणि विद्यार्थी नवसागर घालण्यास विसरला. पांढरा साका दिसेल आणि तो ‘ॲल्युमिनियम’ असे लिहील. परीक्षेत या उत्तरास गुण नाहीत. परंतु हा साका का आला, असे त्याला कोणी विचारले, तर आयनिक समतोलाचे संपूर्ण प्रकरण त्या एका परीक्षानळीत उलगडता येते. समआयन परिणाम आणि विद्राव्यता गुणाकार तो तासाला शिकतो, प्रयोगशाळेत नवसागर घालतो. या दोहोंचा संबंध जोडणारा प्रश्न प्रयोगवहीत नसतो.

भाषेची अडचणही येथे नोंदविली पाहिजे. दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेला विद्यार्थी अकरावीत ‘व्हाइट जिलेटिनस’, ‘कर्डी व्हाइट’ अशी विशेषणे पाठ करतो. ही मुळात पाहणाऱ्याच्या डोळ्यांची भाषा आहे. सिल्व्हर क्लोराइडचा साका नासलेल्या दुधाच्या गाठींसारखा दिसतो, ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा पातळ खळीसारखा. ही उपमाने त्याच्या घरातच आहेत. ती त्याने स्वतः योजली, तर पाहिल्यावाचून लिहिता येणार नाही. पाठ केलेल्या विशेषणास पाहण्याची गरज लागत नाही.

अनुमापनात हा दोष आकड्यांचे रूप घेतो. ब्युरेटवरील लहानात लहान भाग ०.१ मिलिलिटरचा असतो. तरीही तीनही वाचने १०.०, १०.०, १०.० अशी लिहिली जातात आणि ‘स्थिर वाचन’ म्हणून त्यांना पूर्ण गुण मिळतात. १०.१, १०.२, १०.१ असे प्रामाणिकपणे लिहिणारा विद्यार्थी भीत भीत वही पुढे करतो. ही भीती आपण शिक्षकांनीच निर्माण केली आहे. ऑक्झॅलिक आम्ल व पोटॅशियम परमँगनेट यांच्या अनुमापनात पहिल्या काही थेंबांचा जांभळा रंग रेंगाळतो, नंतरच्या थेंबांचा झटकन नाहीसा होतो. अभिक्रियेत तयार होणारे मँगनीज आयनच तिला गती देतात. असे स्वयंउत्प्रेरण नुसत्या डोळ्यांनी दिसावे, असे प्रयोग शालेय स्तरावर थोडेच. परंतु त्याची नोंद करण्यासाठी तक्त्यात रकाना नाही, म्हणून ते पाहिलेही जात नाही.

यावर नवे उपकरण वा अनुदान लागत नाही. एका क्षाराऐवजी दोन धन आयनांचे मिश्रण द्यावे. अनुमापनासाठी प्रत्येक गटास निराळ्या संहतीचे द्रावण द्यावे व ती संहती केवळ शिक्षकास ठाऊक असावी. उत्तरास निम्मे व नोंदींस निम्मे गुण असावेत; खाडाखोड केलेले वाचन गुणवजावटीस पात्र समजू नये. यात शिक्षकाचा वेळ अधिक जाईल, हे खरे. वीस-पंचवीस विद्यार्थ्यांच्या तुकडीसाठी आदल्या दिवशी आठ-दहा निराळी द्रावणे तयार करणे हे प्रयोगशाळा परिचराचेही काम वाढविणारे आहे, आणि आजच्या तक्रारींचे मूळ बहुधा तेथेच आहे.