फुलं गळाली की फ्लोरा गप्प का होतो?

पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन कुठल्याही महिन्यात होवो, सड्यावरची झाडं तुमच्यासाठी थांबत नाहीत. पावसाळा सरला की फुलं आटोपतात आणि उरतात वाळक्या काड्या, बोंडं, कुसळं. जानेवारीत पहिल्या फिल्डवर जाल तेव्हा हातात हेच येणार. मग फ्लोरा उघडायचा, आणि तिथेच गाडी अडते. आज त्या अडण्याबद्दल बोलूया.

आपल्याकडे सुरुवात थिओडोर कुकपासून होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे हे प्राचार्य. त्यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा १९०१ ते १९०८ या काळात निघाला आणि आजही वापरात आहे. त्याची वर्णनं इतकी नेमकी आहेत की त्याला पर्याय नाही असंच वाटतं. माझी तक्रार वर्णनांबद्दल नाही, त्यातल्या कीच्या क्रमाबद्दल आहे.

तुळशीच्या कुळाचं उदाहरण घ्या. रस्त्याकडेला वाळलेली दीपमाळ उभी असते: चौकोनी खोड, त्यावर अंतराअंतरावर काटेरी गोळे. लांबूनही ओळखू येते. तुंबाही त्याच कुळातला, त्याचेही गोळेच. पण कीमध्ये शिरलात की पहिला प्रश्न येतो, पुंकेसर खाली कललेले की वर चढणारे? जानेवारीत पुंकेसर कुठून आणायचे? गंमत पुढे आहे. तुंबाच्या जाती वेगळ्या करायला निदलपुंजाचं तोंड सरळ आहे की तिरकं, हे पाहावं लागतं, आणि निदलपुंज तर वाळल्यावरही जागेवर असतो! म्हणजे आतल्या खोलीची किल्ली तुमच्या हातात आहे, पण बाहेरच्या दाराला फुलाचं कुलूप आहे.

सगळीकडे असं नाही, हेही सांगायला हवं. जास्वंदीच्या कुळात फळ फुटून बिया सांडतात की त्याच्या फाका सुट्या होतात, यावर बरंच ठरतं. मुद्रा हे झाड तर फळाच्या चक्रामुळेच ओळखलं जातं, नावही त्यावरूनच पडलं. कोथिंबिरीच्या कुळात तर पिकलेलं फळ नसेल तर भलेभले हात टेकतात. तेव्हा वाळलेल्या भागांत माहिती नसते, हे म्हणणं टिकत नाही. माहिती असते, पण विचारण्याचा क्रम फुलाच्या सोयीचा असतो.

हा क्रम बदलता येतो का? अमेरिकेत लॉरेन ब्राउन यांनी १९७६ मध्येच बदलून दाखवला. ‘वीड्स इन विंटर’ हे त्यांचं पुस्तक ईशान्य अमेरिकेतल्या हिवाळी काड्यांवर आहे, आणि चित्रंही त्यांनीच काढलेली आहेत. फूल नाही, हे गृहीत धरूनच ते सुरू होतं. मला हे पुस्तक आवडतं, पण तुम्ही ते सावधपणे वाचा. एक तर ते नेहमीच्या झाडांपुरतं आहे. तुमच्या हातातलं झाड पुस्तकात नसेल, तरी की तुम्हाला कुठल्या ना कुठल्या नावापर्यंत नेऊन सोडणारच. दुसरं, ती पद्धत जशीच्या तशी इथे चालणार नाही. आपल्याकडे काडी उभी राहील याची खात्री नसते: गुरं चरतात, वाळवी लागते, वणवा जातो.

यात एवढं काय बिघडतं, असं वाटेल. बिघडतं. प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालासाठी बऱ्याचदा पावसाळा सोडून एकाच ऋतूची माहिती गोळा केली जाते. सड्यावरच्या बहुतेक छोट्या वनस्पती तेव्हा वाळून गेलेल्या असतात. ज्याला काडी ओळखता येत नाही, तो ‘विरळ गवत’ लिहून मोकळा होतो, आणि यादीत नाही म्हणजे जागेवर नाही असा अर्थ निघतो.

म्हणून तुमच्या भागापुरती छोटी की तुम्हीच करा. क्रम असा ठेवा: खोड गोल की चौकोनी, फांद्यांच्या आणि पानांच्या खुणा समोरासमोर की एकाआड एक, फळाभोवती काय उरलंय, फळ कसं उघडतं, मग बी. छोट्या गोष्टी सोडू नका. तालिमखान्याच्या पेरांवरचे काटे, आघाड्याची खाली वळून दांड्याला चिकटलेली फळं, खुळखुळ्याच्या शेंगेचा आवाज, कुसळीचं ओलं केल्यावर फिरणारं कुसळ, या सगळ्या खुणाच आहेत.

आणि ती की तपासल्याशिवाय वापरू नका. सप्टेंबरात फुलात असलेल्या झाडाला टॅग लावा, नाव पक्कं करा आणि जानेवारीत तेच झाड पुन्हा बघा. उलटही करता येतं: काडीचा नमुना आणि बी जपून ठेवा, जीपीएस नोंदवा आणि पावसाळ्यात त्याच जागी परत जा. तोवर नोंद वंशापर्यंतच ठेवा. गाईड विचारतील, जात का नाही लिहिली? सांगा, पुरावा इथपर्यंतच आहे. व्हायवाला हे उत्तर चालतं, ओढूनताणून लावलेलं नाव चालत नाही.