अस्सल नोंद व शोधित कोष्टक

कांचेचा मणी हाही इतिहासाचा पुरावाच होय. फरक इतकाच, कीं तो वाचण्यास मोडीचें ज्ञान उपयोगीं पडत नाहीं. अशा मण्यावर लेसरकिरण सोडून त्याची सूक्ष्म धूळ उडवावयाची, ती हेलियम वायूबरोबर आर्गॉनच्या प्लाझ्मांत न्यावयाची, आणि तेथें तिचे जे आयन होतील ते मास स्पेक्ट्रोमीटरमध्यें वस्तुमानाप्रमाणें निवडून मोजावयाचे, ही रीत आतां पुरातत्त्वांत रूढ झाली आहे. मण्यावर पडणारें विवर डोळ्यांस जेमतेम दिसतें. त्यामुळें वस्तूची हानि जवळजवळ होत नाहीं. या यंत्राची स्तुति पुष्कळ झाली. परंतु यंत्र व छापील कोष्टक यांच्या मध्यें जें सॉफ्टवेअर बसलेलें असतें, त्याकडे इतिहासाच्या अभ्यासकांनीं पुरेसें लक्ष दिलेलें नाहीं. त्याचेंच परीक्षण आम्हीं येथें योजिलें आहे.

हा विषय महाराष्ट्रास परका नव्हे. २००८ सालीं लॉर द्युसुब्यू, विश्वास गोगटे प्रभृति संशोधकांनीं चौल येथील व केनियाच्या किनाऱ्यावरील सोडा-अल्युमिना कांचेच्या मण्यांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. अशा कांचेचे दोन वर्ग युरेनियम व बेरियम यांच्या कमीअधिक प्रमाणावरून वेगळे ओळखतां येतात, हें त्यांतील महत्त्वाचें प्रतिपादन. म्हणजे चौलच्या दर्यावर्दी व्यापाराचा पल्ला ठरवितांना दहा लाख भागांतील कांहीं थोड्या भागांची साक्ष घ्यावी लागते. ती साक्ष कोणाच्या हातून आपणांपर्यंत पोंचते, हें पाहणें म्हणूनच अवश्य आहे.

यंत्र स्वतः युरेनियमचें प्रमाण सांगत नाहीं. प्रत्येक मूलद्रव्याचे दर सेकंदास किती आयन मोजले गेले, एवढेंच तें क्षणोक्षणीं नोंदवितें. त्यावरून प्रमाण काढावयाचें तर लेसर बंद असतांनाची पार्श्वभूमि वजा करावी लागते. ‘निस्ट ६१०’ किंवा ‘६१२’ यांसारख्या, घटक ज्ञात असलेल्या, मानक कांचेशीं नोंद ताडून पहावी लागते. दिवसभरांत यंत्राची संवेदनशीलता ढळते, तिची दुरुस्ती करावी लागते. आणि शेवटीं ज्याचें प्रमाण अन्य मार्गानें ठाऊक आहे असें एक मूलद्रव्य आंतरमानक म्हणून धरावें लागतें. हें गणित लाँगेरिच, जॅक्सन व गुंथर यांनीं १९९६ सालीं सूत्ररूपानें मांडलें. कांचेच्या बाबतींत सर्व ऑक्साइडांची बेरीज शंभर टक्के धरण्याचाही मार्ग आहे.

आतां चूक कोठें शिरते तें पाहूं. कॅल्शियम ऑक्साइड वस्तुतः ४ टक्के असतां आंतरमानकाच्या रकान्यांत ५ टक्के लिहिलें, तर त्यावरून काढलेला प्रत्येक आंकडा सव्वापट होतो. परंतु युरेनियम व बेरियम यांचें परस्पर गुणोत्तर त्यानें बिघडत नाहीं. घातक गोष्ट निराळी आहे. मण्यांत न वितळलेला झिरकॉनचा कण राहिला असल्यास लेसर त्यावर पोंचतांच झिरकोनियम व युरेनियम यांच्या रेषा एकदम उसळतात. बेरियमची उसळत नाहीं. ही उसळी ठेवावी कीं वगळावी? कण वाळूंतून आला, तेव्हां तोही मण्याचाच अंश खरा; पण एका ठिपक्यांत सांपडलेला कण सबंध मण्याची साक्ष देऊं शकत नाहीं. हा निर्णय यंत्राचा नसून सॉफ्टवेअर चालविणाराचा असतो, आणि छापील कोष्टकांत त्याचा मागमूसही उरत नाहीं.

सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठांत तयार झालेलें ‘ग्लिटर’ प्रत्येक ठिपक्याचा आलेख दाखवितें व त्यांतील कोणता भाग घ्यावयाचा तें वापरणारास ठरवूं देतें. तें शिकण्यास सोपें आहे. परंतु एकाच आलेखांतून दोन विश्लेषक दोन निरनिराळे भाग निवडतील, आणि कां निवडले हें तेच जाणोत. मेलबर्नच्या पेटन, हेलस्ट्रम प्रभृतींनीं २०११ सालीं पुढें आणलेल्या ‘आयोलाइट’नें सबंध सत्राचें काम एका काळरेषेवर मांडलें, व गणिताच्या पद्धति वापरणारास वाचतां आणि बदलतां येतील अशा ठेविल्या. हा मोठाच गुण. मात्र त्यांतील कांहीं निवडी आधींच भरलेल्या असतात, आणि घाईचा मनुष्य त्या तशाच राहूं देतो. ब्रॅन्सन प्रभृतींचें २०१९ चें ‘एलए-टूल्स’ पायथन भाषेंत लिहिलेलें, विनामूल्य व खुलें आहे. निवडीचे नियम लिहून ते सर्व नमुन्यांस सारखे लावावयाचे, आणि मूळ नोंदींसह प्रत्येक कृतीची टिपणी बाहेर काढावयाची, अशी त्याची योजना असल्यामुळें दुसऱ्यास तेंच गणित पुन्हां करतां येतें. आमचे मतें या तिहींत इतिहासाच्या कामास हेंच धोरण अधिक मानवणारें आहे.

यावर असा आक्षेप येईल, कीं नियम आंधळा असतो. अनुभवी डोळ्यास दिसतें तें त्यास दिसत नाहीं. आक्षेप खरा आहे. चुकीचा नियम साऱ्याच नमुन्यांस चुकीचा लागेल. तथापि लिहून ठेविलेला नियम चुकीचा ठरवितां तरी येतो. न लिहिलेल्या नजरेशीं वाद घालण्याची सोय नाहीं.

बखरीपेक्षां अस्सल पत्र श्रेष्ठ, हा दंडक आमच्या अभ्यासकांनीं फार पूर्वींच पत्करिला आहे. त्याच न्यायानें येथें दर सेकंदाची मूळ नोंद ही अस्सल, आणि प्रमाणांचें कोष्टक ही तिची शोधित नक्कल होय. नक्कल प्रामाणिक असूं शकते. पण ती अस्सलाशीं ताडून पाहतां आली पाहिजे. चौलविषयींच्या उपरोक्त निबंधावर शंका घेण्याचा आमचा हेतु नाहीं. यापुढें मणी, बांगड्या अथवा नाणीं यांचें असें विश्लेषण जो कोणी छापील, त्यानें मूळ नोंदी, सॉफ्टवेअरचें नांव व आवृत्ति, मानक कांच, आंतरमानकाचें धरलेलें प्रमाण, आणि वगळलेले भाग सकारण द्यावे, एवढीच आमची सूचना आहे. हें न मिळाल्यास अशा कोष्टकाचा उपयोग करणारानें तें अस्सल पुराव्यांत न धरतां संपादकाच्या हवाल्यावर आधारलेली माहिती म्हणूनच उद्धृत करावें.