अंतर आणि मात्रा : वीजवाहिन्या व बालकर्करोग यांविषयीच्या एका अनुमानाची चिकित्सा

खोपोलीच्या जलविद्युत् केंद्रातील वीज 1915 साली गिरण्यांसाठी परळच्या रिसीव्हिंग स्टेशनात उतरू लागली. त्याच परळात 1941 साली टाटा मेमोरिअल रुग्णालय सुरू झाले. वीजवाहिनीजवळ राहणाऱ्या मुलांना रक्ताचा कर्करोग अधिक होतो, हे मत ज्याच्या कानी पडले आहे, त्याला परळच्या पदपथावर उपचारासाठी मुक्काम केलेली मुले पाहून कार्यकारणाचा धागा गवसल्यासारखे वाटेल. ही मुले देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्णालयामुळे तेथे आलेली असतात, हे सांगितले की तो धागा तुटतो. परंतु सान्निध्यालाच कारण समजण्याची ही वृत्ती मान्यवर संशोधनातही सूक्ष्म रूपाने आढळते, म्हणून तिची चिकित्सा अगत्याची आहे.

या विषयाचा आरंभ 1979 साली नॅन्सी वर्थायमर व एड लीपर यांच्या डेन्व्हर येथील निबंधाने झाला. घराबाहेरील तारांची जाडी, संख्या आणि घरापासूनचे अंतर यांवरून त्यांनी घरांची वर्गवारी केली. घरातील चुंबकक्षेत्र मोजले नाही. स्वीडनमध्ये फेख्टिंग व आल्बोम यांनी 1993 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तारांतील भारावरून पूर्वीच्या काळचे क्षेत्र गणिताने काढले होते. ही पद्धत निःसंशय अधिक शास्त्रीय; पण तेथे रक्तकर्करोगाचे रुग्ण अवघे 39, आणि 0.2 मायक्रोटेस्लाहून अधिक क्षेत्रातील केवळ 7. पुढे 2000 साली नऊ अभ्यास एकत्र केले असता 0.4 मायक्रोटेस्लाच्या वर जोखीम सुमारे दुप्पट आढळली. परंतु 3,247 रुग्णांपैकी त्या गटात 44 मुलेच होती. या पुराव्यावरून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2002 साली अशा क्षेत्रास ‘कदाचित कर्करोगकारक’ म्हटले. यातील ‘कदाचित’ हा शब्द वृत्तपत्री मथळ्यांत गळून पडतो.

खरी कसोटी इंग्लंड व वेल्समधील ड्रेपर प्रभृतींच्या 2005 सालच्या निबंधाने लागली. जन्मवेळचे घर वाहिनीपासून 200 मीटरांच्या आत असल्यास रक्तकर्करोगाची सापेक्ष जोखीम 1.69 भरली, पण 200 ते 600 मीटरांच्या पट्ट्यातही ती 1.23 होती. तेवढ्या अंतरावर वाहिनीचे क्षेत्र घरातील नेहमीच्या क्षेत्रात लोपून गेलेले असते. मग ही वाढ कशाची? 2014 साली तीच सामग्री पुढील वर्षांपर्यंत वाढवून तपासली, तेव्हा आरंभीच्या दशकांतील आधिक्य पुढे ओसरत गेलेले दिसले. चुंबकक्षेत्र हे कारण असते, तर त्याचा परिणाम असा दशकागणिक मावळण्याचे प्रयोजन नव्हते. वाहिनीजवळ कोण राहावयास येतो, हे मात्र दशकागणिक बदलू शकते. अंतराने येथे मात्रेऐवजी वस्तीच मोजली असावी, असे मला वाटते.

आपल्या शहरास तर हे अंतर जवळजवळ निरर्थक आहे. गिरगावच्या वाड्यांतून वा लालबागच्या चाळींमधून उच्चदाबाचे मनोरे जात नाहीत. बेस्टची वीज भूमिगत केबलींतून येते. एकत्र बांधलेल्या वाहकांची क्षेत्रे परस्परांस बरीचशी छेदतात, त्यामुळे केबलीचे क्षेत्र थोड्याच अंतरात क्षीण होते. येथे पाहण्याजोगी जागा म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरील सबस्टेशन आणि नेमकी त्यावरची खोली. हंगेरी व फिनलंडमधील मोजण्यांत अशा खोल्यांतील क्षेत्र त्याच इमारतीच्या इतर घरांपेक्षा स्पष्टपणे अधिक आढळले आहे. एकाच जिन्याने जाणारी, बहुधा एकाच आर्थिक स्तरातील कुटुंबे. काही खोल्या रोहित्रावर, काही चौथ्या मजल्यावर. तुलनेसाठी याहून चांगली योजना डेन्व्हरलाही लाभली नव्हती.

मात्र एक अडचण राहते. 1963 पासून चालू असलेली मुंबई कर्करोग नोंदणी किमान एक वर्ष शहरात राहिलेल्यांचीच गणना करते, म्हणून पदपथावरील पाहुण्या रुग्णांचा दोष तीत येत नाही. परंतु 1982 च्या संपानंतर आणि पुढे चाळींच्या पुनर्विकासात कितीतरी कुटुंबे विरार-डोंबिवलीकडे गेली. ज्या मुलाचे बालपण लालबागच्या सबस्टेशनावर गेले, त्याचे निदान विरारच्या पत्त्यावर झाले, तर ते या गणनेबाहेरच पडेल. तेव्हा निदानकाळचा पत्ता सोडून जन्मवेळचे घर, मजला व खोली यांची विचारणा करावी लागेल, आणि ती आईवडिलांना ‘घर बदलले असते तर?’ या व्यर्थ अपराधभावात न लोटता करावी लागेल.