चान्या आणि जाळीवरचे मांस

अंगणात जाळी मांडून निखाऱ्यावर मांस भाजणे ही आज पांढरपेशांची सुट्टीची हौस झाली आहे. आष्ट्याच्या आमच्या घरात आजी 'चान्या' हा शब्द मात्र दार लोटूनच उच्चारी. मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून ठेवायच्या आणि घरात काही नसेल त्या दिवशी निखाऱ्यावर भाजायच्या. ती हौस नव्हती, भुकेची तरतूद होती.

शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकाने मराठवाड्यातील महार-मांगांची खाद्यसंस्कृती लाज न बाळगता नोंदवली, हे त्याचे मोठेपण. परंतु वाचकाने त्यातून केवळ चवीचा अभिमान उचलला तर घात होईल. गावकीत मेलेले ढोर ओढावे लागे, तेच मांस वाट्याला येई. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी ते सोडण्यास सांगितले. प्रश्न चवीचा नव्हता, स्वाभिमानाचा होता.

सोडणे आणि नोंदवणे यांत विरोध नाही. जे सोडले ते का खावे लागले, हे न सांगणारी पाकपुस्तकेच अपुरी आहेत. मराठवाडा लिहिला गेला. कृष्णाकाठच्या आपल्या चुलींचे काय? विद्यार्थी मित्रांनो, आज्या आहेत तोवर विचारून घ्या.